दर दोन तासांनी कूस

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात जे नियम घोकून पाठ होतात, त्यांत एक असतो ‘टू अवरली पोझिशन’. बेशुद्ध, अर्धांग झालेला, खुबा मोडलेला किंवा नुसताच म्हातारपणाने अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. उजवी, पाठ, डावी, पुन्हा उजवी. तक्त्यावर वेळ लिहायची आणि सही करायची. दोनच तास का, दीड का नाही किंवा तीन का नाहीत, हे विचारायला ड्युटीवर सवड नसते. विचारलंच तर ‘पुस्तकात तसं आहे’ हे उत्तर तयार असतं. पुस्तकात तो आकडा कुठून आला याची कथा लांब आहे, आणि तिची सुरुवात त्वचेच्या अभ्यासातून झालेली नाही.

कूस बदलायची ती बेडसोअर टाळण्यासाठी, म्हणजे एकाच जागी दाबाखाली पडून राहिल्याने होणारी जखम टाळण्यासाठी. माणूस जितका जुना, तितकीच ही जखमही जुनी असावी. तिच्यावर नीट विचार करून उपाय केल्याची एक तपशीलवार हकिकत मात्र १५६९ सालची आहे. फ्रान्सच्या राजाचा शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याला फ्लँडर्समधल्या एका मार्किसच्या, म्हणजे सरदाराच्या, उपचारासाठी पाठवण्यात आलं. गुडघ्याजवळ गोळी लागून तो तरुण कित्येक महिने पडून होता. ताप होता, अंग झडलेलं होतं, पाठीखाली हाताच्या पंज्याएवढी जखम होती. वेदनेने तो इतका ओरडे की त्याच्या पांघरुणालाही हात लावायला आजूबाजूचे कचरत. पारेने मांडीतली गोळीची जखम साफ केलीच, पण त्याच्या सूचना वाचताना आजच्या सिस्टरला ओळखीचं वाटेल असं बरंच सापडतं. अंथरूण बदलायला लावलं. ढुंगणाखाली मऊ उशी अशी ठेवायला सांगितली की जखम अधांतरी राहावी. सकस खाणं सुरू केलं. आणि झोप येईना म्हणून वरून पाणी एका कढईत पडत राहील अशी सोय केली, म्हणजे पाऊस पडतोय असं वाटून डोळा लागावा. रुग्ण बरा होऊन कुबड्यांवर चालू लागला. पोषण, दाब काढून घेणं, स्वच्छता, झोप. साडेचारशे वर्षांनंतरही यादी फारशी वाढलेली नाही. वाढले आहेत ते मलमांचे प्रकार.

पुढची मोठी उडी पाण्याची. लंडनमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर नील आर्नॉट यांच्याकडे १८३२ साली एक बाळंतीण होती. ताप, कावीळ आणि पाठीवर खोल जखमा. कुठलीही गादी तिला सोसेना. आर्नॉट भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिणारे गृहस्थ. त्यांनी विचार केला, की पाण्यावर तरंगणाऱ्या शरीराचा भार एका जागी साठत नाही, तो पसरतो. मग आंघोळीच्या टबासारखी पेटी, तीत पाणी, वर रबर लावलेलं कापड आणि त्यावर पातळ गादी. बाईला आराम पडला. आर्नॉटनी त्याचं पेटंट घेतलं नाही, कुणीही बनवावं म्हणून कृती उघड केली. हल्ली गल्लोगल्लीच्या सर्जिकल दुकानात भाड्याने मिळणारा वॉटर बेड हा या पेटीचा वंशज. ते रबरी कापड चार्ल्स मॅकिन्टॉश यांच्या पेटंटमुळे बाजारात आलं होतं. आपल्या वॉर्डात ड्रॉ शीटखाली घालतात त्या रबरी चादरीला सिस्टर अजून ‘मॅकिन्टॉश’च म्हणतात, ते याच गृहस्थांच्या नावावरून.

गादीची तोड निघाली, पण दोष कुणाचा हा वाद सुटला नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये सरळ लिहून टाकलं, की रुग्णाला बेडसोअर झाला तर बहुधा दोष आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. त्याच शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को नेमकं उलटं शिकवत होते. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की नसांमधल्या बिघाडामुळेच कातडी मरते, अशी जखम दिसली की मरण जवळ आलं समजावं, असं त्यांचं मत. म्हणजे कुणी काही करू शकत नाही. खरं तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी १८५० च्या दशकातच गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं होतं, की मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यालाही दाब आणि ओल यांपासून दूर ठेवलं तर जखम होत नाही. पण शार्को मोठे, त्यांचा दरारा मोठा. त्यांचं मत कित्येक दशकं टिकलं.

माझ्या मते दोघांनीही परिचारिकेवर अन्याय केला. शार्कोच्या मतानुसार तिच्या कष्टाला काही अर्थच उरत नाही. आणि नाइटिंगेलबाईंचं वाक्य वॉर्डात किती हात आहेत हे न मोजता सगळा दोष तिच्या पदरात टाकतं. जखम दिसली की आधी सिस्टरला धारेवर धरायचं ही पद्धत आजही चालू आहे.

आता दोन तासांकडे. लुडविग गुटमान हे ब्रेसलाऊचे ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. पुढे महायुद्धात दोस्त राष्ट्रांची फ्रान्सवर स्वारीची तयारी चालली होती, पाठीच्या कण्याला गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे सरकारला दिसत होतं. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात गुटमान यांच्याकडे २६ खाटांचा कक्ष सोपवला गेला. त्या काळी कंबरेखाली लुळा झालेला सैनिक म्हणजे गेल्यात जमा होता. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक जण लघवीच्या संसर्गाने किंवा बेडसोअरच्या विषबाधेने गेले होते. कित्येकांना प्लास्टरच्या साच्यात झोपवून आणत. साचा काढला की आत कुजलेल्या जखमा.

गुटमाननी साचे बंद केले. रबराच्या उशांचे तुकडे मांडून शरीराचे उंचवटे अधांतरी ठेवायला सुरुवात केली आणि नियम घातला, की दर दोन तासांनी, दिवस असो की रात्र, प्रत्येकाची कूस बदलायची. त्यासाठी माणसांचा ताफा लागे. तीन-चार जण मिळून एकाला लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ उचलत, कणा वळू न देता फिरवत आणि कातडी तपासून पुढच्या खाटेकडे जात. रात्री अवचित स्वतः डॉक्टर फेरी मारायला येत, म्हणून नियम मोडायची कुणाची छाती होत नसे. इतर डॉक्टरांना हे वेळ वाया घालवणं वाटे. पण जखमा भरू लागल्या. पेनिसिलिनही त्याच सुमारास हाती आलं, त्याचाही वाटा मोठा आहे. फिरवणाऱ्या हातांचा त्याहून कमी नाही.

दोन तासांबद्दल नर्सिंगच्या जगात एक गोष्ट सांगतात. कूस बदलणारा ताफा खाटांच्या रांगेच्या एका टोकापासून सुरू करी आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दोन तास होत. मग पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात. म्हणजे दोन तास हे कातडी किती दाब सोसते याचं माप नसून वॉर्ड किती लांब आणि हात किती याचं माप होतं. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, मला ती पटते, कारण प्रयोगशाळेतला पुरावा या नियमानंतर आला.

तो पुरावा असा. त्यातला एक आकडा आधीचा: १९३० मध्ये लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत अतिसूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला होता, रोहिणीकडच्या टोकाला सरासरी ३२ मिलिमीटर पारा. या आकड्याचं पुढे सगळ्यांनी पुराण केलं. बाहेरून त्याहून जास्त दाब आला की रक्त थांबतं, असा सरळ हिशेब मांडला गेला. माकडहाडावर पडणारा दाब याहून बराच जास्त असू शकतो. अमेरिकेत कोसियाक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवर आणि नंतर उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब जास्त वेळ, दोन्ही सारखेच घातक. मधून मधून दाब काढला तर ऊतींना फारशी इजा होत नाही. नियम आधी ठरला होता, आता त्याला कारण मिळालं.

गुटमानच्या कक्षाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणारे आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी घेऊन परतलेले जवान. पॅरालिम्पिकचं मूळही स्टोक मँडेव्हिलच. लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ ला, गुटमाननी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली होती. पदकाच्या आधी प्रत्येकाची कातडी शाबूत राहिलेली असावी लागते, हे पदकाच्या बातमीत कधी छापून येत नाही.

नियम शिकवायला सोपा, पण कुणाला जास्त धोका हे कसं ओळखायचं? ते काम एका परिचारिकेने केलं. इंग्लंडच्या डोरीन नॉर्टन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्ये पाच मुद्द्यांचं मोजमाप मांडलं: शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकाला एक ते चार गुण, एकूण वीस. चौदा किंवा कमी आले तर सावध. आज आपल्याकडे जास्त चालणारी ब्रेडन पट्टी १९८७ ची, तीही परिचारिकांनीच केलेली. नॉर्टनबाईंच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या वॉर्डांनी कानाआड केली. पाठीला काय चोळता यापेक्षा कूस बदलता की नाही, याने फरक पडतो. आपल्याकडे ‘बॅक केअर’ म्हणजे स्पिरिट आणि पावडर. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, घामात पावडरचे गोळे होतात आणि लाल झालेल्या जागी जोराने चोळलं तर आतल्या ऊती आणखी फाटतात. रबरी कडं ढुंगणाखाली देण्याचंही तसंच. मधला भाग सुटतो, पण कड्यावर दाब वाढतो. तरी नातेवाईक ते विकत आणतात, आणि त्यांना नको म्हणणं सिस्टरला अवघड जातं.

मग कधीतरी कुणीतरी दोन तासांनाच प्रश्न विचारणार होतं. बेल्जियमच्या टॉम डेफ्लोर यांनी २००५ मध्ये ८३८ रुग्णांवर पडताळून पाहिलं. दाब पसरवणाऱ्या खास फोमच्या गादीवर दर चार तासांनी कूस बदललेल्यांना सर्वांत कमी जखमा झाल्या. साध्या गादीवर दोन तासांनी बदलूनही तितका फायदा नव्हता. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ९४२ वृद्धांवरच्या अभ्यासात चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तास यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यावरून ‘चला, चार तास पुरे’ असं आपल्याकडे कुणी म्हणेल तर त्याला आधी गादी दाखवावी. त्या वृद्धांखाली दाट फोम होता. आपल्या जनरल वॉर्डात रेक्झिन शिवलेली, मध्ये खड्डा पडलेली काथ्याची गादी असते. एकाचं अनुमान दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि हातांचा हिशेब अजून तोच. समजा तीस खाटांच्या वॉर्डात आठ जण पडून आहेत. नीट कूस बदलायची म्हणजे दोन माणसं आणि सहा मिनिटं: ओढायचं नाही, उचलायचं, चादरीची सुरकुती काढायची, टाचेखाली उशी, पूर्ण कुशीवर न वळवता तीस अंशांत कलतं ठेवायचं, नाहीतर खुब्यावर भार येतो. आठ रुग्णांची अठ्ठेचाळीस मिनिटं, दर दोन तासांनी, दोन माणसांची. रात्रपाळीत एक सिस्टर आणि एक मावशी असतील तर इंजेक्शनं, सलाईन, नवीन अॅडमिशन कुणी बघायचं? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात कूस नातेवाईक बदलतात, आणि ज्याला नातेवाईक नाही त्याची राहते. पहाटे तक्ता एकाच पेनाने भरला गेला तर त्यात खोटेपणापेक्षा हतबलता जास्त असते, हे ऑडिट करणाऱ्याने लक्षात घ्यावं. तक्ता खोटा असेल तर जखमेचं खरं कारण कधी कळत नाही, हेही तितकंच खरं.

आणखी एक अडचण नियमाच्या पुस्तकातूनच आली. दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली ही पहिली पायरी, असं जगभर शिकवलं जातं. पण ही व्याख्या गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. सावळ्या, काळ्या कातडीवर ती लाली सहज दिसत नाही, लक्षात येते तेव्हा जखम आत पोचलेली असू शकते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने वर्गीकरण सुधारताना गडद कातडीवर ही खूण वेगळी दिसू शकते हे व्याख्येतच नमूद केलं. आपल्याला ते वेगळं सांगायची गरज पडू नये, आपले जवळपास सगळेच रुग्ण त्या वर्गातले. माकडहाडाची जागा शेजारच्या कातडीशी आणि दोन्ही टाचा एकमेकींशी ताडून पाहाव्या: जास्त गरम आहे का, गार आहे का, घट्ट लागते की पिठासारखी मऊ, रंग जांभळट आहे का. रुग्ण बोलता असेल तर तिथे दुखतं का, हेही विचारावं. हे सगळं कूस बदलतानाच्या त्या सहा मिनिटांतच उरकावं लागतं.