सार : कोळशाचा मुलूख आणि लोकांचा कौल

युरोपचा नकाशा समोर घ्या. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून, बोटाच्या पेराखाली झाकून जाईल एवढा एक मुलूख आहे. त्याचं नाव सार. क्षेत्रफळ सुमारे २,५७० चौरस किलोमीटर, वस्ती दहा लाखांच्या आसपास. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन बलाढ्य राष्ट्रं का बरं झगडली?

उत्तर जमिनीच्या पोटात आहे. सार नदी फ्रान्समधल्या वोझ डोंगरात उगम पावते, मेटलाखजवळ घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि पुढे मोझेल नदीला मिळते. तिच्या खोऱ्यात दगडी कोळसा, तर शेजारच्या फ्रेंच लोरेनमध्ये लोखंडाचं खनिज. पोलादाच्या भट्टीला दोन्ही हवीत. मग भांडणाला आणखी काय लागतं?

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, इथला कारभार राष्ट्रसंघाकडे आणि खाणी फ्रान्सकडे गेल्या. पंधरा वर्षांनी लोकांना विचारावं, असं ठरलं. १३ जानेवारी १९३५ रोजी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनीला कौल दिला. पण तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती. विरोधात बोललेल्या अनेकांना घरदार सोडून पळावं लागलं. मत मोजलं गेलं, पण त्या कौलाची किंमत त्यांनी मोजली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सार पुन्हा फ्रान्सच्या छायेखाली आला. १९४७ पासून तिथे फ्रेंच नाणं चालू लागलं. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी लोकांना पुन्हा विचारलं : युरोपच्या देखरेखीखाली वेगळं राहता का? सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी 'नाही' म्हटलं. या वेळी फ्रान्सने तो कौल मानला. वाटाघाटी झाल्या आणि १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत सामील झाला. एकही गोळी सुटली नाही.

ज्या कोळशासाठी हे सारं घडलं, त्याचं मोल खाणकामगारांनीही दिलं. ७ फेब्रुवारी १९६२ रोजी लुईझेन्टालच्या खाणीत स्फोट होऊन २९९ माणसं दगावली. फ्योल्कलिंगेनच्या भट्ट्या १९८६ मध्ये थंडावल्या. आज तो कारखाना जागतिक वारसा म्हणून जपला आहे. शेवटची कोळशाची खाण २०१२ मध्ये बंद झाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा नकाशा काढाल तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा. कोळसा संपला, पण १९५५ च्या कौलाला दिलेला मान टिकला. आज त्या सरहद्दीवरून माणसं रोज कामाला येतात-जातात. जमिनीखालचं धन नकाशावर रेघ ओढायला लावतं खरं, पण तिथे राहणाऱ्यांना विचारून ओढलेली रेघच निभावते.