माचील, झोळी आणि झुलती शय्या

दोन झाडांच्या मध्ये कापड किंवा जाळे बांधून त्यात निजण्याची हौस हल्ली आपल्या तरुण पिढीत वाढली आहे. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर आपण प्रथम परदेशी पाहुण्यांकडे पाहिलेली ही वस्तू आता सह्याद्रीत पायी भटकणाऱ्या मराठी मुलांच्या पाठपिशवीत असते. मुले तिला ‘हॅमॉक’ म्हणतात. काही जण ती बाजारातून न आणता घरीच शिवतात. दोर, पट्टे आणि वरचे छत यांची जुळवाजुळवही स्वतः करतात. यावर आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, हे परक्यांचे अनुकरण आहे. कोणी म्हणतात, यात नवीन ते काय, हे सारे आपल्याकडे पूर्वापार होतेच. आमच्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. खरा इतिहास या दोहोंपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यातील एक भाग आपल्याच पेडणे-डिचोलीच्या वाटांवर घडलेला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘हॅमॉक’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचला, तेव्हा तेथील लोक टांगलेल्या जाळ्यांत निजत असल्याचे त्याच्या मंडळींनी पाहिले आणि वस्तूबरोबर शब्दही उचलला. पोर्तुगीजांनी मात्र वेगळा शब्द योजला. २२ एप्रिल १५०० रोजी काब्रालच्या आरमाराला ब्राझीलचा किनारा दिसला. त्या आरमाराबरोबर असलेल्या पेरू व्हाझ द कामिन्या याने १ मे रोजी राजाला लिहिलेल्या पत्रात तेथील घरांत टांगलेल्या शय्यांचा उल्लेख केला आणि त्यांना ‘रेदे’, म्हणजे मासे धरण्याचे जाळे, हे नाव दिले. विशेष हे की, हेच आरमार त्याच वर्षी कालिकतला येऊन थडकले आणि डिसेंबरात तेथील वखारीवरील हल्ल्यात कामिन्या मारला गेला. झुलत्या शय्येचे पहिले पोर्तुगीज वर्णन करणारा गृहस्थ अशा रीतीने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर देह ठेवता झाला. पुढे १५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने खलाशांसाठी कापडी हॅमॉक स्वीकारले. डुलत्या जहाजात ही शय्या जहाजाबरोबर झुलते आणि माणूस खाली पडत नाही, हे त्याचे कारण.

तेव्हा झाडांना बांधून निजण्याचे जाळे हे अमेरिका खंडातील लोकांचे देणे आहे, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. आपल्याकडे निजण्यासाठी बाज होती, चटई होती. ओटीवर बसण्यासाठी पाटाचा झोपाळा होता. टांगते कापड आपल्याकडे होते, पण त्याची कामे निराळी होती. तान्ह्या मुलासाठी लुगड्याची झोळी, मांजरापासून दूध-दही राखण्यासाठी दोराचे शिंके, आणि आजाऱ्याला डोंगर उतरवून वैद्याकडे नेण्यासाठी वेळूच्या दांड्याला बांधलेली घोंगडी. चौथे काम प्रतिष्ठेचे होते, आणि त्याचे नाव माचील.

‘मंच’ या संस्कृत शब्दाचा गोतावळा मोठा आहे. आपले माचा, माची, मचाण हे शब्द त्यातलेच. मलबारात याच मुळापासून ‘मंचल’ किंवा ‘मंजिल’ झाले, पोर्तुगीजांनी त्याचे ‘माशिला’ केले आणि गोव्यात ‘माचील’ रूढ झाले. आसगावात जन्मलेले महापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या अशा असंख्य शब्दांचा मागोवा घेतला आहे. पोर्तुगीजांबरोबर ही माचील आफ्रिकेतही गेली. मोझांबिकात आणि शेजारच्या न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, गोरे अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दांड्याला टांगलेल्या माचिलीतून फिरत असत आणि तेथेही तिचे नाव हेच होते. एक शब्द मलबार, गोवा आणि झांबेझीचे खोरे यांना जोडतो, ही गोष्ट लहान नव्हे.

पालखी आणि माचील यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. जेम्स वेल्श या मद्रास फौजेतील इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ सालच्या नोंदीत माचिलीची तुलना जहाजावरच्या झुलत्या शय्येशीच केली आहे. लांब दांड्याला टांगलेली, वर ऊन-पाऊस अडविणारे सरकते आच्छादन असलेली ही वस्तू सहा माणसे पळत नेतात, उलट हलक्यात हलक्या पालखीलाही बारा माणसे लागतात, असे तो सांगतो. म्हणजे भार निम्म्यावर आला तो रचनेमुळे. लाकडी पेटी गेली, कापड, दोर आणि वेळू एवढेच उरले. चढ-उताराच्या पायवाटा, पावसाळ्यात फुगणारे ओहोळ आणि पदोपदी तरीने ओलांडाव्या लागणाऱ्या नद्या असलेल्या आपल्या मुलखाला हेच वाहन सोयीचे होते. डिचोली व साखळीचा प्रदेश १७८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले व ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. त्यांच्या जुन्या तालुक्यांच्या मानाने येथे चाकाचा रस्ता उशिरा आला. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या पेडण्यात तर वाहन म्हणजे होडी, बैलगाडी किंवा माणसाचा खांदा.

कुडाळ-सावंतवाडीकडून आणि घाटावरून येऊन येथे स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घराण्यांना पालखीचे अप्रूप होतेच. मराठेशाहीत पालखीचा मान आणि तिच्या खर्चाची नेमणूक ही राजाने द्यावयाची गोष्ट होती. आपल्या घरांतील कागदपत्रांत असा एखादा उल्लेख सापडला, तर आपण तो अभिमानाने दाखवितो. हा अभिमान वावगा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दांड्याखालच्या खांद्यांचा विचार त्या अभिमानात कितीसा असतो, हा प्रश्न विचारावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक दस्तऐवज कुन्य रिव्हार यांनी एकोणिसाव्या शतकात संपादिलेल्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या संग्रहात आहे. १५९१ साली व्हाइसरॉय मातियश द आल्बुकेर्क याने हुकूम काढला की, साठ वर्षांवरील माणसे सोडून कोणीही खास परवान्याशिवाय पालखीत बसू नये. हुकूम मोडणाऱ्या प्रतिष्ठिताला दोनशे क्रुझादो दंड, सामान्य माणसाला त्याच्या निम्मा, आणि पालखी जप्त. ती वाहणाऱ्या भोयांना शिक्षा काय? त्यांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्यास पाठवावयाचे. बसणाऱ्याने पैसे भरावे आणि वाहणाऱ्याने शरीर द्यावे, असा हा न्याय. वाहणाऱ्याने नकार द्यावयाचा तर कोणाच्या जोरावर, हे हुकमात कोठे नाही. १६२३ साली गोव्यात आलेला इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले लिहितो की, पुरुषांनी पालखीत बसण्याची मनाई कागदावरच राहिली होती. आधी पावसाचे निमित्त झाले, मग मेहेरबानी आणि नजराणे झाले, आणि शेवटी बहुतेक सगळेच वर्षभर पालखीतून हिंडू लागले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या वर्णनात अनोळखी असे काही वाटले नाही.

क्लेमंट्स मार्कहॅम हा इंग्रज १८६० च्या सुमारास मलबारातून अशाच माचिलीत बसून गेला. सहा भोई सारा वेळ भयानक आरोळ्या ठोकत होते, अशी त्याची तक्रार आहे. भोयांच्या हाकांचा अर्थ त्याला कळला नाही. पुढचा गडी वाटेतील धोंडा, खड्डा, पाणी, फांदी यांची वर्दी देतो आणि ज्याला पुढचे दिसत नाही तो मागचा गडी त्याला साद देतो. ताल चुकला तर दांडा हेलकावतो आणि खांदा सोलतो. ती आरोळी म्हणजे त्या कामाची भाषा होती. ती कोणी लिहून ठेवली नाही.

दोराचीही तीच गत आहे. आपल्या खाजण भागात नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून, बडवून, त्यांचा काथ्या काढीत आणि त्याचे सुंभ वळीत. डिचोली-सत्तरीच्या रानात केवणीच्या सालीचा दोर होई. घायपाताचा वाख मात्र, झुलत्या शय्येप्रमाणेच, मूळ अमेरिकेचा. सुंभ खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून जहाजांना तो प्रिय; पण तो फार ताणतो, म्हणून निजण्याच्या शय्येला बरा नाही. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो, पण पीळ घालणाऱ्या हातांनीच ती प्रथम जाणली असली पाहिजे.

आता मुलांच्या नव्या छंदाकडे वळू. त्यांनी केलेले काम आम्ही बारकाईने पाहिले आणि त्यात जुन्या कारागिरीचेच नियम आढळले. दहा-अकरा फूट लांब आणि पाच फूट रुंद मजबूत कापड, दोन्ही टोकांना दुहेरी शिवण, त्या शिवणीतून ओवलेला दोर आणि चुणीदार मोट, एवढीच शय्या. नऊवारी लुगडे दुहेरी घातले तर साडेतेरा फूट भरते, म्हणजे मापाला पुरून उरते. पण जुने विरलेले लुगडे तान्ह्या बाळालाच ठीक, मोठ्या माणसाने नवे घट्ट विणीचे कापड घ्यावे. दोर ताठ ओढू नये. आडव्या पातळीशी तीस अंशांचा कोन ठेवला, तर साठ किलो वजनाच्या माणसाचा प्रत्येक बाजूच्या दोरावर साठ किलोच ताण येतो. पंधरा अंशांवर तो सुमारे एकशे सोळा, आणि दहा अंशांवर एकशे त्र्याहत्तर किलो होतो. ‘ताणले की तुटते’ हे आपल्या आज्या सांगत. त्याचे हे गणित. झाडाला बारीक दोरी न बांधता इंचभर तरी रुंद पट्टा बांधावा, म्हणजे साल कापली जात नाही. शय्येत तिरके निजावे, म्हणजे पाठ सरळ राहते. बसण्याची उंची खुर्चीएवढीच असावी. माडाखाली कदापि बांधू नये, नारळ पडण्याची वेळ सांगून येत नाही. काजूच्या ठिसूळ फांदीवरही विश्वास टाकू नये. आंबा, फणस, किंदळ यांचे जून खोड पाहावे.

थंडीचा नियम अनेकांना ठाऊक नसतो. अंगाखाली घातलेले पांघरूण भाराने दबते आणि ऊब राखत नाही, शिवाय खालून वारा लागतो. म्हणून घोंगडी आत न अंथरता शय्येच्या बाहेरून, खाली सैल टांगावी. वरचे छत शय्येपेक्षा लांब असावे, आणि पट्ट्यावर एक सुताची दोरी लोंबती बांधावी, म्हणजे दोरावरून ओघळणारे पावसाचे पाणी आत न येता तिच्यावरून खाली गळते. १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यासारख्या राखीव रानात जावयाचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी, हे मुलांना घरच्यांनीच सांगावे.

या नव्या शय्येत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट: हिचा भार दोन झाडे घेतात. निजणाराच तिला पाठीवर वाहून आणतो, स्वतः बांधतो आणि सकाळी स्वतः सोडतो. माचिलीचा आराम हिच्यात आहे, भोई नाही.

आमची वाचकांना एक विनंती आहे. पेडण्यात, मोप्याच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. जुन्या वाटा आता नकाशावरही उरणार नाहीत. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयाने जुनी अवजारे आणि वाहने जपण्याचे काम केले आहे, पण वस्तूबरोबरची माहिती घरांतूनच मिळावयाची. ज्यांच्या माळ्यावर माचिलीचा दांडा, कड्या किंवा आच्छादनाची चौकट असेल, त्यांनी तिचे माप घ्यावे, छायाचित्र काढावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारावे: ही कोण वाहत असे, आणि त्यांना काय मिळत असे? भोयांची नावे कळली तर ती लिहावी. त्यांचे वंशज गावात असतील तर त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या बाजूची हकिकतही ऐकावी. बसणाऱ्यांची नावे आपल्या वंशावळींत आहेतच. वाहणाऱ्यांची नोंद आपल्या हातून झाली, तर ते या त्रैमासिकाला शोभेल असे काम होईल.