देखरेख आणि हेरगिरी : मुलांच्या फोनवरील पालकांच्या नजरेचा इतिहास

१/ मे २०१८. पालकांना मुलांच्या फोनवर लक्ष ठेवता यावे म्हणून काढलेल्या ‘टीनसेफ’ या अमेरिकी ॲपची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचे आढळले. तीत मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड होते आणि तेही कोणालाही वाचता येतील अशा स्वरूपात.

२/ याहून गंभीर बाब पुढेच होती. ॲपला मुलाच्या क्लाउड खात्यात शिरता यावे, यासाठी पालकांना त्या खात्याचे द्विस्तरीय संरक्षण बंद ठेवावे लागे. मुलाच्या रक्षणासाठी त्याच्याच दाराचे कुलूप काढले गेले होते.

३/ मुलाचे खासगीपण हा प्रश्न फोनहून जुना आहे. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता संमत केली. तिच्या १६ व्या अनुच्छेदाने मुलाच्या खासगी जीवनात व पत्रव्यवहारात मनमानी हस्तक्षेप निषिद्ध ठरवला. ५ व्या अनुच्छेदाने पालकांचा मार्गदर्शनाचा अधिकारही मानला, परंतु तो मुलाच्या वाढत्या समजेशी सुसंगत असावा, असे सांगितले. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

४/ स्मार्टफोन आल्यावर दोन वाटा फुटल्या. २०१७ मध्ये आलेल्या गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये पालकांना वेळेची मर्यादा घालता येते, ॲपना संमती देता येते, मुलाचे संदेश मात्र वाचता येत नाहीत. दुसरी वाट गुप्त ॲपची होती.

५/ २०१९ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘रेटिना-एक्स’ या कंपनीवर कारवाई केली. तिची ॲप फोनधारकाच्या नकळत चालत. मुलांवरील देखरेखीच्या नावाने विकलेले हे साधन कोणाही प्रौढाचा माग काढण्यासही उपयोगी पडे. कंपनीने जमवलेली माहिती हॅकरच्या हाती लागली, त्यात संदेश, छायाचित्रे आणि ठिकाणेही होती.

६/ २ सप्टेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये मुलांसाठीच्या डिजिटल सेवांची आचारसंहिता अमलात आली. पालक मुलावर लक्ष ठेवत असतील, तर मुलाला त्याची स्पष्ट खूण दिसली पाहिजे, असा दंडक तिने घातला. देखरेखीला मनाई झाली नाही. आक्षेप होता तो लपवण्याला.

७/ भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास कंपन्यांना सर्वसाधारणपणे मनाई केली. मात्र घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेला माहितीचा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला.

८/ म्हणजे हा कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. आत काय पाहायचे, किती काळ आणि मुलाला सांगून की न सांगता, हे पालकांनाच ठरवावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला लावलेला नियम सोळाव्या वर्षी तसाच ठेवला, तर १९८९ च्या संहितेतील ‘वाढती समज’ केवळ कागदावर उरते.