भीमा खोऱ्यातील गोड्या पाण्याची मासेमारी : माशांच्या नावांचा ऐतिहासिक पुरावा

दख्खनच्या इतिहासलेखनात शेती, जमीनमहसूल आणि वतनसंस्था यांना जे स्थान मिळाले, ते नदीवर उपजीविका करणाऱ्या भोई समाजाला मिळाले नाही. महसुली दप्तराचे लक्ष जमिनीवर होते. त्यामुळे मासेमारांच्या ज्ञानाचा शोध अन्य साधनांत घ्यावा लागतो. त्यांपैकी एक साधन माशांच्या शास्त्रीय नावांत दडलेले आहे.

मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी माहिती संकलनासाठी नेमलेला लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८३१ पर्यंत दख्खनमध्ये कार्यरत होता. भीमा, मुळा-मुठा आदी नद्यांतील माशांविषयीचे त्याचे लेखन लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८३९ व १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्याने काही ठिकाणी इंग्रज विद्वानांचा गौरव केला. परंतु अनेक ठिकाणी स्थानिक नावच लॅटिन द्विनामात बसविले. खुदरी, कोळस, पोटील, बोगट, शिंगाळा, शिंगटी, नुक्ता ही नावे इंग्रजी वर्णलेखनाने काहीशी विरूप होऊनही आजतागायत टिकली आहेत.

यातील शिंगाळा व शिंगटी ही जोडी विशेष उद्बोधक आहे. पहिला मासा मीटरभराहून अधिक वाढतो, दुसरा लहानच राहतो. दोन्ही नावांचे 'शिंग' या शब्दाशी असलेले नाते उघड आहे. आधुनिक वर्गीकरणात त्यांच्या प्रजाती भिन्न, पण कुल एकच मानले जाते. म्हणजे साम्य आणि भेद या दोहोंची नोंद बोलीने आधीच केली होती. साइक्सच्या नावापुढे शास्त्रीय श्रेय लागले. ज्यांनी हे भेद ओळखले त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत.

पुढे नदीच बदलली. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण उभे राहिले. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंगाचे स्फोट करून व पाण्यात विष कालवून मासे मारण्यास बंदी घातली. गेळफळासारख्या वनस्पतींनी मासे गुंगवण्याची ओढ्यांवरील जुनी रीतही अर्थातच या व्याख्येत येत होती. देहूच्या डोहातील माशांना त्याआधीपासून श्रद्धेचे संरक्षण होते, हे येथे नमूद केले पाहिजे. कायद्याचा रोख मारण्याच्या साधनांवर होता. धरणे व शहरी सांडपाणी त्याच्या कक्षेबाहेर राहिले. थुंतरीवर खोल खाच असलेला नुक्ता २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त ठरला.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी जलाशयात आफ्रिकी मूळच्या तिलापियाने जम बसविला. भिगवणच्या बाजारात तो 'चिलापी' या नावाने विकला जातो. साइक्सच्या काळी बोलीतील शब्द शास्त्रात गेला होता. येथे शास्त्रातील शब्द बोलीत आला आहे.