कॅडिलॅकचा भरवसा

नववीच्या वर्गात समानार्थी शब्दांचा तास चालू होता. विश्वास, खात्री, भरवसा. मी सांगत होतो की विश्वास माणसावर ठेवतात, खात्री गोष्टीची करून घेतात आणि भरवसा मात्र माणसाचाही असतो आणि वस्तूचाही. उर्दूतला भरोसा तोच, फक्त उच्चार वेगळा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, कॅडिलॅक गाडी भरवशाची असते का?" वर्ग हसला. कुठल्यातरी इंग्रजी गाण्यात त्याने हे नाव ऐकले होते आणि मोबाइलवर त्या गाडीचे फोटो पाहिले होते.

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात मोटारींविषयी बोलायचा अधिकार मामूंचा. द्वारकेजवळ त्यांचे छोटे गॅरेज होते. पत्र्याची शेड, बाहेर तेलाने काळी झालेली जमीन आणि आत भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. आता ते हयात नाहीत. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचा माग मलाच काढावा लागला.

कॅडिलॅक हे मुळात एका माणसाचे नाव. आंत्वान द ला मोथ कॅडिलॅक या फ्रेंच माणसाने १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवले. दोनशे वर्षांनी त्याच शहरात हेन्री फोर्डची एक मोटार कंपनी बसली. फोर्ड भागीदारांशी भांडून बाहेर पडला होता आणि मागे राहिलेल्या मंडळींना कारखाना मोडीत काढायचा होता. यंत्रांची किंमत ठरवायला त्यांनी हेन्री लीलंड नावाच्या जाणकाराला बोलावले. लीलंडने किंमत सांगितली, पण वर सल्लाही दिला: विकू नका, माझ्याकडे चांगले इंजिन आहे, त्यावर गाडी करा. १९०२ मध्ये कॅडिलॅक कंपनी उभी राहिली ती अशी.

लीलंड आधी बंदुकांच्या आणि मोजमापाची अवजारे बनवणाऱ्या कारखान्यांत काम केलेला माणूस. बंदुकीचा एक भाग दुसऱ्या बंदुकीत बसलाच पाहिजे, ही त्याची शिस्त. त्या काळच्या मोटारींत ही शिस्त नव्हती. प्रत्येक गाडी म्हणजे एक स्वतंत्र घडवलेली वस्तू. एखादा भाग मोडला तर नवा भाग कानस घेऊन घासत घासत बसवायचा. लीलंडला ते मान्य नव्हते.

१९०८ मध्ये इंग्लंडात या शिस्तीची परीक्षा झाली. तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या घेतल्या आणि त्यांचा पुर्जा न् पुर्जा सुटा केला. सगळ्यांचा एकच ढीग केला, काही भाग मुद्दाम काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले नवे भाग टाकले. मग मेकॅनिकांना सांगितले, आता या ढिगातून तीन गाड्या उभ्या करा. हातात पाने आणि पेचकस, कानस वापरायची नाही. गाड्या उभ्या राहिल्या. कुणाचे मडगार्ड कुणाला, त्यामुळे रंग विचित्र झाले. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्या पाचशे मैल धावल्या. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली आणि कंपनी स्वतःला 'जगाचे प्रमाण' म्हणवू लागली. थोडी बढाई आहे, पण त्या वर्षापुरती तरी ती शोभते.

दुसरी ड्यूअर ट्रॉफी मिळाली ती हँडलमुळे. जुनी मोटार चालू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. बायरन कार्टर हा लीलंडचा मित्र रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीला हँडल मारताना जबड्यावर मार बसून जखमी झाला आणि त्यातच पुढे गेला, अशी गोष्ट सांगतात. तपशिलांवर वाद आहेत. पण चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला, यावर वाद नाही. आज आपण चावी फिरवतो किंवा बटण दाबतो, त्याची सुरुवात तिथून.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. लीलंड १९१७ मध्ये बाहेर पडला आणि त्याने लिंकन ही दुसरी कंपनी काढली. १९२२ मध्ये तीही विकावी लागली, आणि घेणारा कोण, तर हेन्री फोर्ड! अमेरिकेतल्या दोन्ही बड्या आलिशान गाड्या एकाच म्हाताऱ्याच्या हातून निघाल्या. त्यातली पहिली फोर्डच्या मोडलेल्या कंपनीतून उभी राहिली आणि दुसरी फोर्डच्या पदरात पडली.

आता आपल्याकडे येऊ. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला. गाड्यांचे सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत ते जोडून शेवरोले उभी राहायची. भारतात मोटारी जोडण्याचे जे पहिले कारखाने निघाले, त्यांतला हा एक. ब्रुकलँड्सची परीक्षा इतकी लांबवर का सांगितली, ते इथे कळेल. डेट्रॉइटच्या बाजूला बनलेला भाग शिवडीतल्या कामगाराच्या हातात आल्यावर कानस न लावता बसत असेल, तरच असा कारखाना चालतो. शिवडीला कॅडिलॅकचा कारखाना नव्हता. पण कॅडिलॅकने सिद्ध केलेली शिस्तच तिथे पोट भरत होती.

मग सोलापूरचे वालचंद हिराचंद उतरले. जोडणी नको, गाडी इथेच बनवू, हे त्यांचे म्हणणे. फोर्डशी बोलणी केली, जमले नाही. शेवटी क्रायस्लरशी करार झाला. इंग्रज सरकारने काही मदत केली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो ही अमेरिकी नावे बाहेर पडू लागली. पुढे त्याच कुर्ल्यात फियाट आली, तिची पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली.

आम्हा नाशिककरांना याच काळातली आणखी एक गोष्ट जवळची आहे. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली, नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवरचा मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. एम अँड एम ही अक्षरे छापलेली कागदपत्रे वाया जाऊ नयेत म्हणून असे केले, असे गमतीने सांगतात. याच कंपनीने मुंबईत माझगावला अमेरिकी विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि तिच्याच सातपूरच्या कारखान्यात पुढे स्कॉर्पिओ बनली. वर्गात हे सांगितले की मुले दोन मिनिटे गप्प होतात. सातपूरला कुणाचे वडील जातात, कुणाचा भाऊ कंत्राटावर आहे.

परत कॅडिलॅककडे. तिच्या इतिहासातली एक गोष्ट मला गाडीपेक्षा मोठी वाटते. १९३० च्या मंदीत अमेरिकेत बड्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. कॅडिलॅक बंद करायचा विचार चालू होता. कंपनीचे एक अलिखित धोरण होते, काळ्या माणसाला गाडी विकायची नाही. पीटर ड्रकर यांनी लिहून ठेवले आहे की निकोलस ड्रेस्टाट नावाच्या सर्व्हिस विभागाच्या प्रमुखाला दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत एक गोष्ट दिसली. कितीतरी गाड्यांचे खरे मालक काळे होते. मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर. ते एखाद्या गोऱ्याला पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घेत. ज्याला चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हते, तो निदान चांगली गाडी तरी घेत होता. ड्रेस्टाटने संचालकांसमोर जाऊन सांगितले, हा पैसा दलालाला का द्यायचा, यांना सरळ विका. त्यांनी ऐकले आणि कॅडिलॅक वाचली. दयेपोटी ऐकले असे नाही, धंदा बुडत होता म्हणून ऐकले. तरीही विचार करा, जो माणूस शोरूमच्या दारातून आत जाऊ शकत नव्हता, त्याच्याच पैशावर ती शोरूम टिकली. घर भाड्याने शोधताना ज्यांनी आधी नाव सांगायचे की नंतर, याचा विचार केला आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

युद्धानंतरचा काळ कॅडिलॅकचा सुवर्णकाळ. १९५९ च्या गाडीला मागे माशाच्या परासारखे उंच पंख होते, मुले फोटो पाहतात ते तिचेच. आणि मग भरवसा ढासळला. १९८१ मध्ये पेट्रोल वाचवायला असे इंजिन आणले की ज्याची आठ सिलिंडर गरजेप्रमाणे सहा किंवा चार होत. कल्पना चांगली, पण त्या काळचा संगणक तिच्या लायकीचा नव्हता. गाडी झटके खाई आणि गिऱ्हाइके ती यंत्रणाच काढून टाकून घेत. १९८२ मध्ये ॲल्युमिनियमचे नवे इंजिन घाईने आले, त्याच्या गळतीच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी सिमॅरॉन आली. ती मुळात स्वस्त शेवरोले, चामड्याची सीट आणि वेगळा बिल्ला लावून महाग विकलेली. लोक फसले नाहीत. १९९० च्या दशकातले नॉर्थस्टार इंजिन ताकदवान होते, पण हेड गॅस्केटमुळे बदनाम झाले. तोवर जपानची लेक्सस आली होती आणि 'भरवशाची' हे विशेषण तिच्याकडे गेले होते.

मामूंचे एक वाक्य इथे आठवते. मी सातवीत असेन. मालेगावच्या एका व्यापाऱ्याची जुनी अवाढव्य डॉज त्यांच्याकडे आली होती, बारातीत न्यायची होती. पाण्याच्या पंपाचा एक भाग गेलेला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांना इथे खरेखुरे उत्पादन करायचे आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही निघून गेले. कुर्ल्याची डॉजही केव्हाच थांबली होती. आयातीवर बंधने, त्यामुळे असल्या गाड्यांचे पुर्जे मिळणे कठीण. मामूंनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, भंगारात दोन दिवस शोधले. नाही मिळाला. मग लेथवाल्याकडे बसून तो भाग कापून घेतला आणि स्वतः कानशीने घासून बसवला. मी विचारले, मामू, ही गाडी चांगली की आपली अँबेसेडर? ते म्हणाले, "बेटा, जिसका पुर्जा मिले, वो गाडी अच्छी." लीलंडने जी कानस कारखान्यातून हद्दपार केली होती, ती आमच्या द्वारकेच्या शेडमध्ये अशी परत आली होती. आमच्याकडच्या जुन्या अमेरिकी गाड्यांचा टिकाऊपणा म्हणून जो सांगितला जातो, त्यात निम्मा वाटा या उस्तादांचा आहे. त्यातले कितीतरी आपल्या मोहल्ल्यातले, शाळा अर्धवट सुटलेले. त्यांच्या नावाची नोंद कुठल्या कंपनीच्या इतिहासात नाही.

कॅडिलॅकची मालक कंपनी महाराष्ट्रात पुन्हा आली, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. पाँटिअ‍ॅक, सॅटर्न ही नावे कायमची बंद झाली, कॅडिलॅक ठेवली गेली. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की भारतात गाड्या विकणार नाही, तळेगावातून फक्त निर्यात करू. डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबली आणि हजाराहून अधिक कामगार कामावरून गेले. कारखाना आधी एका चिनी कंपनीला विकायचे ठरले, ते फिसकटले. शेवटी तो ह्युंदाईने घेतला. कामगारांची कोर्टाची लढाई दीर्घकाळ चालली.

आता त्या मुलाला काय सांगायचे? पुढच्या तासाला मी एवढेच सांगितले की १९०८ ची कॅडिलॅक घेतली असतीस तर उत्तम, १९८२ ची घेतली असतीस तर पस्तावला असतास, आणि आजची घ्यायची म्हटलीस तरी भारतात तिची शोरूम नाही, म्हणजे पुर्जाही नाही. तो म्हणाला, "सर, आणि तळेगावचं?" त्याचा एक चुलतभाऊ चाकणला नोकरीला आहे. मी फळ्यावरचे तीन शब्द पुसायचे राहिले होते, त्यातला भरवसा त्याने वहीत उतरवून घेतला आणि विचारले, या शब्दाला विरुद्धार्थी काय लिहायचे. बेभरवसा, मी म्हटले. बे फारसीतून आलेला, भरवसा इथला. दोन्ही मिळून मराठीच.