आरतीतली राही

नामदेवरायांच्या नावाने चालत आलेली विठ्ठलाची आरती आपल्याला लहानपणापासून पाठ असते. घरच्या देव्हाऱ्यापुढे, दिंडीच्या मुक्कामावर, काकड्याच्या वेळी ती म्हणताना शब्द आपोआप ओठांवर येतात. त्या आरतीत देवाच्या राण्यांचा उल्लेख आहे आणि तेथे रखुमाईच्याही आधी आपण एक नाव घेतो, ते म्हणजे राही. टाळ्यांच्या लयीत ते रखुमाईच्या नावाला इतके चिकटून येते की हे वेगळे नाव आहे, ही वेगळी देवी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. ज्याचा उच्चार रोज होतो पण ज्याचा विचार क्वचितच होतो, अशा या नावाची थोडी विचारपूस करू.

पंढरपुरास विठुरायाचे दर्शन झाले की आपण मागे रुक्मिणीमातेच्या मंदिरात जातो. त्याच आवारात सत्यभामेचे आणि राहीचेही स्थान आहे. गर्दीच्या ओघात आपण तेथे हात जोडतो आणि पुढे सरकतो. ही राही म्हणजे राधिका, असे परंपरा सांगते आणि भाषेचा इतिहासही तिच्याच बाजूने साक्ष देतो.

संस्कृतातला 'ध' प्राकृतात येताना बहुधा 'ह' होतो. दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, गोधूमाचा गहू झाला. तसेच शब्दाच्या शेवटचा 'इका' झिजून त्याचा 'ई' होतो. मृत्तिकेची माती झाली, मक्षिकेची माशी झाली. हे दोन्ही नियम 'राधिका' या नावाला लावून पाहा. राधिकेची राहिआ होते आणि राहिआची राही होते. म्हणजे राही हा कोणी अडाणीपणाने केलेला अपभ्रंश नव्हे. ज्या वाटेने दही, गहू आणि माती हे शब्द आपल्या घरात आले, त्याच वाटेने हे नाव आले आहे. कृष्णाचा कण्ह आणि कण्हाचा कान्हा झाला, रुक्मिणीची रखुमाई झाली, तशीच राधिकेची राही झाली. देवाला आपल्या बोलीत हाक मारायची, ही आपल्या लोकांची जुनीच रीत आहे.

ती किती जुनी, हे पाहिले की मन थक्क होते. 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध आहे. हा राजवंश गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांशी नाते सांगणाऱ्या या संग्रहातल्या एका गाथेत कृष्ण आपल्या मुखाच्या फुंकरीने राधिकेच्या चेहऱ्यावरची गोधूळ दूर करतो, आणि ते पाहून इतर गोपींचा ताठा उतरतो, असा प्रसंग आहे. त्या गाथेत तिचे नाव राधा असे येत नाही, राहिआ असे येते. भारतीय वाङ्मयातल्या राधेच्या अगदी जुन्या उल्लेखांमध्ये हा उल्लेख गणला जातो. जयदेवांनी 'गीतगोविंद' रचले ते बाराव्या शतकात. श्रीमद्भागवतात एका आवडत्या गोपीची कथा आहे, पण राधा हे नाव तेथे उघडपणे घेतलेले नाही. आपल्या मराठीच्या आजीने मात्र ते नाव त्याआधीच ओव्यागाथांसारख्या लोकभाषेत गुंफून ठेवले होते. पुढे याच पैठणात एकनाथ महाराजांच्या गौळणींत राधा पुन्हा नांदू लागली, हा योगायोगही मनाला सुखावणारा आहे.

आता अर्थाकडे वळू. राधा हे नाव 'राध्' या धातूपासून आले. प्रसन्न करून घेणे, सिद्धीस नेणे, असे त्याचे अर्थ. 'आराधना' हा शब्द याच धातूचा. विशाखा नक्षत्राचेही एक नाव राधा आहे, म्हणून त्याच्या पाठोपाठ येणारे नक्षत्र ते अनुराधा. कर्णाला वाढवणाऱ्या मातेचे नावही राधाच होते, म्हणून तो राधेय. तेव्हा राही म्हणजे आराधना करणारी. वारकऱ्याच्या घरातल्या लेकीला याहून चांगले नाव कोणते असणार?

तरीही हे नाव आपल्याकडे विरळच राहिले. रखमा, रखमाबाई, रुक्मिणी ही नावे गावोगाव सापडतात. ज्ञानोबा माउलींच्या मातोश्री रुक्मिणी, तुकोबारायांच्या पहिल्या पत्नी रखुमाबाई. नामदेवरायांच्या घरी गोणाई, राजाई, आऊबाई, लिंबाई. चोखोबांच्या घरी सोयरा आणि निर्मळा. संतांच्या घरची जी नावे आपल्या नित्य बोलण्यात येतात, त्यांत राही नाही.

याची कारणे मला दोन दिसतात. एक म्हणजे कथा-कीर्तनांतून राधा हे संस्कृत रूप इतके रुजले की बोलीतले रूप मागे पडले. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि तेच विचार करण्याजोगे आहे. दिंडीरवनाची कथा आपण सारे जाणतो. द्वारकेत देवाच्या मांडीवर राधा बसली होती. रुक्मिणीमाता आल्या तरी ती उठली नाही. मातेचा मान दुखावला, त्या रुसून दिंडीरवनात येऊन बसल्या. देव त्यांचा शोध घेत निघाले आणि भीमातीरी पुंडलिकाच्या दारी विटेवर उभे राहिले. रुक्मिणीमातेचे मंदिर वेगळे का, याचे उत्तरही लोक याच रुसव्यात शोधतात. अशा कथेत राधेच्या वाट्याला सहजच दोष येतो. जिच्यामुळे घर दुभंगले, तिचे नाव लेकीला कोण ठेवील, असे जुन्या बायाबापड्यांच्या मनात येत असेल, तर नवल नाही.

पण माउलींनो, हीच कथा जरा शेवटाकडून पाहू. रुसवा झाला नसता, तर देव द्वारका सोडून निघाले असते का? देव निघाले नसते, तर पुंडलिकाची वीट कोणासाठी पुढे आली असती? आणि वीट नसती, तर आपली वारी कुठली? घरातल्या एका दुखावलेल्या मनाची समजूत काढायला देव चालत निघाला, त्यातून आपल्या साऱ्यांचे माहेर उभे राहिले. आणखी एक गोष्ट पाहा. पंढरीने राहीला बाहेर काढले नाही. जिच्यावरून रुसवा झाला, तिलाही त्याच आवारात जागा दिली आणि आरतीत तर तिचे नाव आधी घेतले. भांडणातले दोन्ही पक्ष एकाच आरतीत ओवाळून घेण्याचे हे मोठेपण आपल्या परंपरेचे आहे. आपल्या घरांत, भावकीत, गावांत रुसवे कमी आहेत का? एकाला जवळ घ्यायचे तर दुसऱ्याला दारात उभे करावे लागते, असे आपण धरून चालतो. पंढरी तसे मानत नाही.

नाव विरळ झाले तरी मिटले मात्र नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि 'बीजमाता' म्हणून त्यांचे नाव घरोघरी पोचले. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. एक राही डोंगरातल्या शेतात बियाण्याची आराधना करते, दुसरी लक्ष्यावर चित्त ठेवते. दोघींनीही एकाग्रतेने एकच गोष्ट धरली, हे नावाला शोभणारेच झाले.

आता शहरांतही काही आईबाप हे नाव ठेवू लागले आहेत. त्यांना अर्थ विचारला तर ते सांगतात, राही म्हणजे प्रवासी. तेही खरेच आहे. फारसीत 'राह' म्हणजे वाट आणि 'राही' म्हणजे वाटसरू. हिंदी-उर्दू काव्यातून आणि गाण्यांतून तो शब्द आपल्या कानी आला. आपल्या रोजच्या बोलण्यातली 'रहदारी' त्याच कुळातली. हे दोन शब्द जन्माने वेगळे, पण उच्चाराने एक. त्यामुळे रागावण्याचे कारण नाही. नाथमहाराजांनी 'अर्जदस्त' हे फारसी वळणाचे भारूड रचले, संतांना शब्दाची जात कधी आडवी आली नाही. उलट वारकऱ्याला तर हे दोन्ही अर्थ आपलेच वाटावेत. वाट चालणारा आणि आराधना करणारा, हे दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र येतात त्यालाच आपण वारकरी म्हणतो.

काळजी एवढ्याचीच वाटते की नवा अर्थ राहील आणि जुना विसरला जाईल. लेकरांना देवाची नावे ठेवण्यामागे आपल्या पूर्वजांचा हेतू साधा होता. अजामिळाने नारायण अशी हाक मारली ती मुलाला, पण त्या नामाने त्याला तारले. दिवसातून दहादा लेकीला हाक मारताना देवाच्या माणसाचे नाव मुखी यावे, एवढेच. ती हाक मारणाऱ्याला अर्थ ठाऊक असला, तर नामस्मरण डोळस होते.

म्हणून ज्यांच्या घरी राही असेल, त्यांनी तिला सांगावे की तुझे नाव वाटसरूचे आहे, तसेच राधिकेचेही आहे. पैठणच्या भूमीने ते कित्येक शतके जपले आणि विठुरायाच्या आरतीत ते रखुमाईच्या आधी येते. तिला पंढरीस न्यावे, राहीमातेपुढे क्षणभर थांबवावे आणि मग रुक्मिणीमातेच्या पायांवर घालावे. दोघी तिला आपली म्हणतील.

रामकृष्ण हरी.