त्याज्य तरंगलांबीचा इतिहास : १९२१ च्या अटलांटिकपार हौशी रेडिओ चाचण्या

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासलेखनात मार्कोनी, आरमार आणि मोठ्या कंपन्या यांना मध्यवर्ती स्थान मिळते. हौशी प्रयोगकर्त्यांचे योगदान मात्र बहुधा तळटीपेत राहते. डिसेंबर १९२१ मधील चाचण्या या दृष्टीने पुनर्विचारास योग्य ठरतात.

टायटॅनिक दुर्घटनेनंतर काही महिन्यांतच अमेरिकेत १९१२ चा रेडिओ कायदा संमत झाला. त्याने हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले. दूरच्या संदेशासाठी दीर्घ तरंग अपरिहार्य असतात, असा त्या काळचा दृढ समज होता. म्हणजेच निरुपयोगी मानलेला प्रदेश हौशींच्या पदरात टाकला गेला.

१९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगने हा समज तपासून पाहण्याचे ठरविले. फेब्रुवारी १९२१ मधील पहिल्या चाचणीत युरोपात एकही संकेत ऐकू आला नाही. तेव्हा लीगने पॉल गॉडली या कुशल ग्राहकाला स्कॉटलंडला पाठविले. आर्ड्रोसन येथे समुद्रकिनाऱ्याजवळ तंबू ठोकून, जमिनीलगत लांबवर ताणलेली बेव्हरेज एरियल व सुपरहेटरोडाइन ग्राहकयंत्र यांच्या साहाय्याने त्यांनी रात्रीमागून रात्री मोर्स संकेतांचा मागोवा घेतला. दिवसा या तरंगांचे वातावरणाच्या वरच्या थरात शोषण होते. म्हणून हिवाळ्यातील दीर्घ रात्र निवडली गेली होती.

रविवार, ११ डिसेंबर १९२१ च्या रात्री कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथील १बीसीजी केंद्राचा संपूर्ण संदेश गॉडलींनी उतरवून घेतला. रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाच्या सदस्यांनी उभारलेल्या या केंद्राच्या गटात सुपरहेटरोडाइनचे जनक एडविन आर्मस्ट्राँग हेही होते. या केंद्रात ठिणगी प्रेषकाऐवजी निर्वात नलिका वापरली होती. तिच्या सलग तरंगामुळे शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटत असे आणि टिंब-रेघांची मोर्स लिपी क्षीण संकेतातही ओळखता येत असे. यानंतर नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेओन देलॉय व अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला.

या यशाचे फलित हौशींपुरते राहिले नाही. लघुलहरींचे मोल उमगताच शासने व कंपन्या तिकडे वळल्या. १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी व दौंड येथील केंद्रांद्वारे भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली आणि साम्राज्याचा संदेशव्यवहार त्याच लहरींवर येऊन ठेपला. त्याच वर्षीच्या वॉशिंग्टन परिषदेने हौशींना काही ठरावीक पट्ट्यांत बंदिस्त केले. जे त्याज्य म्हणून दिले होते, ते मौल्यवान ठरताच बव्हंशी परत घेतले गेले.

या कथेचा उत्तरार्धही लक्षणीय आहे. १९९९ मध्ये सागरी सुरक्षेची उपग्रहाधारित नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ५०० किलोहर्ट्झवरील मोर्स सेवेचे प्रयोजन संपले. पुढे २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा लहानसा पट्टा दुय्यम हक्काने हौशींना दिला. १९१२ मध्ये नाकारलेले दीर्घ तरंग शतकानंतर, इतरांना नकोसे झाल्यावर, त्यांच्या वाट्याला आले. दरवर्षी डिसेंबरच्या आरंभीच्या सप्ताहअखेरीस १६० मीटरवर होणाऱ्या मोर्स स्पर्धेतील रात्रीचे संपर्क आर्ड्रोसनच्याच परंपरेतील होत.

सारांश, एखाद्या साधनाचे मूल्य कायद्याच्या वर्गवारीवरून ठरत नाही. ते वापरातून सिद्ध होते. मात्र ते सिद्ध करणाऱ्याच्या हाती ते राहीलच, याची हमी इतिहास देत नाही.